आबांचा डावा हात

कळमनुरी,
१२ जानेवारी २०२६

चि. बुद्धभूषण यास,
दादाचा सप्रेम जयभीम. इकडे सर्व ठीक, तुझा राग वगळता. तो नागपुराहून आला की महिनाभर मुक्काम करतो.

फोनवर आपण इतके ओरडलो, की आबांनी हुकूम काढला आहे: यापुढे भांडण कागदावर, आणि प्रत्येक पत्र ऐश्वर्याने त्यांना वाचून दाखवायचं. तेव्हा शब्द जपून वापर. तुझी पुतणी अजून बारावीत आहे.

तुझा पूर्वपक्ष असा: इतिहासातलं बहुतेक रक्त धर्मानं सांडलं, म्हणून ८ फेब्रुवारीला आईच्या पुण्यानुमोदनाला भंते येणार असतील तर तू येणार नाहीस. पहिल्या वाक्यातून दुसरं कसं निघालं, हे तीस वर्षं संस्कृत शिकवूनही मला कळलं नाही. ज्यांनी देवाला हाकलून दिलं, त्यांनी छावण्यांत माणसं उपाशी मारली, ती काय पंचशील म्हणत मारली? आणि लांब कशाला? आबांचा डावा हात कालव्यावरच्या संपात मोडला. कामावर गेले म्हणून त्यांच्याच लाल झेंडेवाल्या सोबत्यांनी मोडला. त्यातला एकही देव मानणारा नव्हता.

आईला जाऊन वर्ष होतंय, आणि तू परक्या मढ्यांचे ढीग मापत बसलास. लाज वाटते मला.

लोभ आहेच, राग ओसरेपर्यंत मी तो सांभाळून ठेवतो.
तुझा,
रत्नपाल


नागपूर,
२१ जानेवारी

ती. दादास,
क्रांतिकारी जयभीम. पत्र पोचलं. रागातही तुझं अक्षर सुवाच्य असतं, याचाच मला जास्त राग येतो.

छावण्यांतल्या मेलेल्यांची निदान नोंद झाली. पाणवठ्यावरून हाकललेली, गावाबाहेर औषधावाचून मेलेली आपली माणसं तू कोणत्या युद्धात धरशील? ती रोज मरत होती आणि मारणाऱ्याला पुण्य लागत होतं. ते पुण्य ज्या भाषेत लिहिलं, तीच तू पोरांकडून घोकून घेतोस. दोन्ही बाजू सारख्याच, असं म्हणणं तुला सोपं जातं, भटजी.

आबांच्या हाताचं तर तू धडधडीत खोटं लिहिलंस. आईनं मला स्वतः सांगितलं होतं: देवळामागच्या विहिरीवर पाणी शेंदलं म्हणून मोडला. बापाचा हातसुद्धा स्वतःच्या बाजूला ओढावासा वाटला तुला?

मी येणार नाही. आईला माझ्या मनात जागा आहे; तिथे भंते लागत नाहीत.

काटछाट लोभात नको, मुद्द्यांत कर.
भूषण


कळमनुरी,
२८ जानेवारी

चि. भूषण,
आबाचा जयभीम. मी सांगून राहिलो, ऐश्वर्या लिहून राहिली. रत्नपाल समोरच बसला हाय. त्याला निराळा कागद न्हाई. त्यानं इथंच ऐकावं.

दोघांचीबी पत्रं ऐकली. एकानं माझा हात संपात मोडला, एकानं विहिरीवर मोडला. चाळीस वर्षं झाली, हा हात माझ्या खांद्याला हाय. मला इचारलं कुणी? काहून इचारलं न्हाई? तुमच्या आईलाबी मी खरं सांगितलं नव्हतं. मारणाऱ्याचं नाव मला ठाऊक हाय. तो देव मानत व्हता का न्हाई, तेबी ठाऊक हाय. सांगणार न्हाई. सांगितलं की तुमच्यातला एकजण जिंकंल. माझ्या हातावर कुणी जिंकायचं न्हाई.

आता कामाचं. त्या दिवशी खीर हाय. आपली मोठी कढई चुलीवरून उतरवायला दोन माणसं लागतात. एक कडं मी उजव्या हातानं धरायचो, दुसरं तुमची आई. तू न्हाई आलास तर रत्नपाललाबी हात लावू देणार न्हाई. एकटाच उतरवीन. पोळलो तर धर्मानं पोळलो का विचारानं, ते बसा मोजत.

माया आटली न्हाई, म्हणून तर एवढी तकलीफ.
सोनाजी

ता. क. काका, लिहिताना आबांच्या दोन शिव्या मी गाळल्या. एक तुम्हाला होती, एक बाबांना. – ऐश्वर्या


नागपूर,
३ फेब्रुवारी

ती. दादास,
जयभीम. शनिवारी दुपारी पोचतो. तोवर आबांना कढईजवळ फिरकू देऊ नकोस.

पंचशील मी म्हणणार नाही. मागे उभा राहीन. तुझ्या बाकी मुद्द्यांचा समाचार जेवणं उरकल्यावर घेईन, आणि सोडणार नाही. हाताचा मुद्दा मात्र मी मागे घेतला. तूही घे.

जाड फडकी दोन आणतो. कडी तापलेली असतात.
भूषण