भिंतीकडंनं चालणारं जनावर

प्रिय अयोध्ये,

फोन केला न्हाय. तुझा फोन कायम स्पीकरवर, आन् मागं नवरा खोकतो. म्हणून चौथी शिकलेल्या हातानं लिहिते, अक्षराला हसू नको.

परवा तुझ्या नवऱ्यानं कौतुकानं मला त्याच्या औषधाच्या कॉलेजात नेलं. अजून घास उतरत न्हाय. आपण उंदीर दिसला की खराटा घेतो, तिथं जावयासारखे पाळलेत. पांढरे, लालभडक डोळ्यांचे. शेपटीला धरून उचलायचा, मोठ्या उघड्या खोक्यात सोडायचा, वरनं कॅमेरा. किती पळला, कुठं थिजला, सगळं यंत्र सांगतं. मग हा शिकला-सवरला गडी चिमट्यानं त्याच्या लेंड्या मोजतो! भ्यालेला उंदीर जास्त हगतो म्हणं. शी! त्याच हातानं घरी येऊन भाकरी मोडतो.

पडद्यावर उंदराची वाट रेघांनी काढलेली. सगळ्या रेघा भिंतीकडंनं, मधी कोरं. तुझा कृष्णराज म्हणला, आजी, भेदरलेलं जनावर भिंत सोडत न्हाय; औषध पाजून बघतो, मधी येतंय का. मला लई हुशार वाटला. येडी मी.

आपल्या गावात, सास्तुरात, उलटं. भूकंपात भिंतींनीच माणसं खाल्ली, तवापासून आपल्या घरात कुणी भिंतीला अंथरूण टाकत न्हाय. तू तर भूकंपानंतरची, तरी हातपाय पसरून खोलीच्या मधोमध पडायचीस. तुला वळसा घालता घालता म्या किती शिव्या दिल्या.

त्या दिवशी मला घरी सोडून तो परत कॉलेजात गेला; सांजच्याला त्याची मोटरसायकल वाजली आन् तुझा हात परातीतच थिजला. मग ताट घेऊन निघालीस, कपाटाला घासत, भिंतीकडंनं. पाणी दिलंस, तेबी भिंतीकडंनं. एवढी फरशी मोकळी पडलेली! आन् खुर्चीत बसून तो मला उंदराचं भ्या कसं मापायचं ते समजावत होता. तवा मला पडद्यावरच्या त्या रेघा परत दिसल्या. उंदराच्या न्हाय.

हात उचलतो का नुसती जीभ, ते म्या विचारत न्हाय. तुझ्या आईला काय सांगायचं ते मी बघते, भावकीचं तोंडबी मीच बघते. पत्र घेऊन आलेला बिराप्पामामा दारात जीप चालू ठेवून उभा असंल. त्याला चहा विचारू नको. नवरा तिकडं उंदरं खेळवतोय तवर फरशीच्या मधनं सरळ चालत बाहेर ये. इथं तुझं अंथरूण मधोमध टाकलंय.

तुझीच, शिव्या द्यायला वाट बघणारी,
आजी