साळुंकी कुणी बघितली

३ मे १९८७, संतपूर
उद्या निघायचं. बसनं हैदराबाद, पुढं मुंबई, मग विमान. मिलिंदनं आम्हा दोघांची तिकिटं धाडलीत. पोरगा व्हँकूव्हरला नोकरीला लागून चार वर्षं झाली, आत्ता कुठं आई-बापाला बोलवायलाय. शांता लोणच्याची बरणी लुगड्यात गुंडाळायलीय. माझं सामान: दुर्बीण, यादीची वही. बारा वर्षांत १४१ पक्षी, एकही ऐकीव नाही. तालुक्यात मला पाखरंमास्तर म्हणतात ते उगीच नाही. आल्यावर विहारात तिकडच्या पाखरांवर बोलायचं कबूल केलंय.

९ मे, व्हँकूव्हर
समुद्राकाठची बाग. मी दुर्बिणीची चाकी फिरवायलो, तर शांता, "तिकडं काय बघायलात? ह्या झाडावर बसलाय की!" पांढऱ्या डोक्याचा गरुड. बघितला, पण हिच्या बोटामागनं. १४२.
मिलिंद म्हणे, "अप्पा, आईची नजर लई भारी." एवढा मोठा पक्षी, आंधळ्यालाबी दिसला असता.

१३ मे, कॅलगरी
मिलिंदच्या कामासाठी तीन दिवस इकडं. नदीकाठी फिरलो. मी नवं घेतलेलं पुस्तक उघडेपर्यंत शांताची चार पाखरं बघून झालेली. विचारलं, कसं जमतं गं?
"कामून न्हाई जमणार? लगीन व्हायच्या आधी पाटलाच्या ज्वारीत माळ्यावर उभी राहायचे. कणसं खाणाऱ्या भोरड्यांचा थवा कुठं उतरणार ते आगुदर कळाय पायजे, न्हाईतर गोफण फिरवून उपेग काय?"
तीस वर्षांत कधी बोलली नाही. म्हणजे मी विचारलं नाही. जळफळाट होतोय. लिहायला लाज वाटते, पण होतोय. दुपारी दुर्बीण मागितली तिनं. काच पुसायचीय म्हणालो. दिली नाही.

१७ मे, व्हँकूव्हर
बसथांब्यावर शांता ओरडली, "अहो, साळुंकी! आपलीच, पण कपाळावर तुरा हाय."
मी मान वळवलीच नाही. पुस्तकही उघडलं नाही. "ह्या थंडीच्या मुलखात साळुंकी कुठली? कावळा असंल." मिलिंद हसला.
"पंखात पांढरं हाय, बघा तरी की!"
बस आली. चढलो.

१८ मे
शेजारच्या म्हातारीला पाखरांचा नाद. मिलिंदनं आईची गंमत म्हणून कालचं सांगितलं. म्हातारी ताडकन उठली. कुठला थांबा? किती वाजता? म्हणाली, फार मागं कुणीतरी पिंजऱ्यातून सोडलेल्या साळुंक्या ह्या शहरात वाढल्या, आता थोड्याच उरल्यात. लांबलांबून लोक बघायला येतात, बऱ्याचजणांना दिसतही नाही. शांताचे दोन्ही हात धरून काय कौतुक! मला कुणी विचारलं नाही.
पुस्तक काढलं. पान होतं. तुरा, पंखात पांढरं. पोटात दुखलं, दुसरं काय.

२३ मे
पाच दिवस रोज सकाळी गुपचूप त्या थांब्यावर. कबुतरं नि कावळे. शांताला संगं नेलं असतं तर दिसली असती. नेणार नाही.
घरी आलो तर ती म्हातारीबरोबर चहा प्यायलीय. एकीची भाषा दुसरीला येत नाही. दोघी साळुंकीगत शिट्ट्या मारून खिदळायल्या. मला बघून गप झाल्या. अंगाचा तिळपापड.

२६ मे, विमानात
१५७. तुरेवाली साळुंकी, व्हँकूव्हर, १७ मे.
लिहिलं. बारा वर्षांत पहिलं खोटं. शांता शेजारी झोपलीय, तोंडावर पदर.

७ जून, संतपूर
विहारात भाषण. गर्दी चांगली. जयभीम झालं, गरुड झाला, वहीतनं वाचत साळुंकीवर आलो नि "मी बघितली" असं तोंडातून गेलं. मग थांबता येईना. तुरा काय, पंखातलं पांढरं काय, सगळे हिचेच शब्द.
मागनं एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बोलती कशी ओ मास्तर? आपल्यावाणी का?"
मला काय ठाऊक? उगीच चष्मा पुसायलो. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं शिट्टी आली. शांता. बसल्या जागी, पदर सावरून. लोकांनी टाळ्या पिटल्या, "मास्तरनं बाईलाबी तयार केलं की!"
शांता सतरंजीकडं बघत होती. हीच वेळ होती खरं सांगायची. मीही हसलो. सगळ्यांबरोबर.

८ जून
सकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "वहीत तुमचंच राहू द्या. गावालाबी तेच पटलंय. मला एकदा म्हणा फकस्त, 'शांता, तू बघितलीस.'"
शाळेला उशीर व्हायलाय म्हणालो. झाला नव्हता. अर्धा तास आधी पोचलो.
चारला घरी आलो. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला, पाटलाच्या म्हशीची हकीकत सांगितली. चिडलेली नाही. चिडली असती तर बरं होतं.
अजून म्हटलेलं नाही.