मागच्या दाराने गेलेला वकील

सोमवार, ४ मार्च. सकाळी ११ वाजून १० मिनिटं.

आज या वेळी, माझ्या डोळ्यांदेखत, माझा वकील मागच्या दाराने पळाला.

वेळ लिहून ठेवते. कोर्टात उपयोगी पडेल. मी त्याच्या ऑफिसातल्या बाकावर केव्हाची बसले होते, पाठ ताठ, पर्स मांडीवर. काचेच्या दारातून त्याचं टक्कल स्पष्ट दिसत होतं. मी उठून उभी राहिले आणि टक्कल खाली गेलं. मग मागच्या जिन्यावर बूट वाजले. टायपिस्ट च्युइंगगम चघळत म्हणाली, साहेब बाहेरगावी गेलेत. मी विचारलं, कधी? म्हणाली, आत्ताच.

माझं दिवाळं अजून निघालेलं नाही ते केवळ या माणसामुळे.

मंगळवार, ५ मार्च.

शांत डोक्याने सगळं लिहून काढते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी 'सभ्यतेचे वर्ग' काढले. काटा-सुरी धरणं, खुर्चीत बसणं, तोंड मिटून चावणं, पार्टीत उभं राहणं. गरज अख्ख्या शहराला होती. आला एकच, आमच्या तळमजल्यावरचा रिटायर्ड डेंटिस्ट, आणि तोही जेवण असेल या समजुतीने. दोन वर्ग रिकाम्या वाडग्यातून सूप प्यायला, तिसऱ्याला आला नाही.

मग हॉलचं भाडं थकलं. काट्याचमच्यांचं बिल थकलं. हॉलमधून घरी आणलेल्या पियानोसाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकले. पियानोला पर्याय नव्हता. चांगल्या घरातली माणसं पियानोशेजारी उभी राहून बोलतात. ते मी कपाटाशेजारी शिकवू? धाकटी बहीण म्हणाली, ताई, तुला वाजवता कुठे येतो? मी म्हटलं, मी तो वाजवायला घेतलेलाच नाही.

बँकेचं पत्र आलंय. शुक्रवार, २२ तारखेपर्यंत हप्ते भरा, नाहीतर पियानो उचलून नेऊ. उचलून! गॅसचा सिलिंडर आहे का तो?

पण उपाय सापडलाय. हेअरड्रेसरकडच्या मासिकात वाचलं की माणसाने रीतसर दिवाळं जाहीर केलं की कर्जं पुसली जातात, आणि त्याच्या धंद्याची हत्यारं कोणी नेत नाही. सुताराची करवत नेत नाहीत, न्हाव्याचा वस्तरा नेत नाहीत. पियानो ही माझी करवत आहे. बावीस तारखेच्या आत अर्ज गेला की पियानो माझा. वकिलाने फक्त हातपाय हलवायचेत. हलवतोय, पण जिन्याच्या दिशेने.

गुरुवार, ७ मार्च. दुपार.

भेट झाली! आज आधीच जाऊन मागच्या जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिले. साहेब उतरले ते थेट माझ्यापुढे. म्हणाला, गुड आफ्टरनून, मिस. आणि टाय सरळ केला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण शिकवलेलं विसरलेला नाही. (आठवी ब मध्ये माझ्याच वर्गात होता. शेवटचा बाक.)

वर गेलो. चहा आला. त्याने हवेबद्दल विचारलं, मग माझ्या गुडघ्यांबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल. मग घसा खाकरून म्हणाला, मिस, अर्जासाठी एक जरा नाजूक बाब... म्हणजे आपलं एकूण किती... आणि थांबला. मी नुसतं चष्म्यावरून पाहिलं. त्याचे कान लाल झाले. म्हणाला, एकूण किती... खिडक्या आहेत घरात?

मी म्हटलं, पाच. त्याने लिहून घेतलं.

समाधानकारक प्रगती.

घरी येताना आठवलं. आठवीत याने मला भर वर्गात विचारलं होतं, मिस, तुमचं घड्याळ केवढ्याला पडलं? घंटा होईपर्यंत व्हरांड्यात उभा केला, आणि 'मी बाईमाणसासमोर पैशाचा विषय काढणार नाही' हे वाक्य घरून शंभर वेळा लिहून आणायला लावलं. आणलं, तेही सुंदर अक्षरात. त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. माझ्या हाताखालून गेलेलं एकही पोर वाया गेलेलं नाही.

शनिवार, ९ मार्च.

मालमत्तेचा तक्ता भरून दिला. वस्तू एका बाजूला, किंमत दुसऱ्या बाजूला. वस्तू सगळ्या लिहिल्या. किमतीची बाजू कोरी ठेवली. चांगल्या घरात वस्तूंना चिठ्ठ्या लटकवत नाहीत. पियानोसमोर मात्र लिहिलं, 'हत्यार'.

च्युइंगगम म्हणाली, यात आकडेच नाहीत. मी म्हटलं, साहेबांना विचार, ते मागतायत का? आत गेली, बाहेर आली, म्हणाली, साहेब म्हणतात राहू दे.

विजय!

सोमवार, ११ मार्च.

कोर्टाची तयारी जोरात. आज नवे बूट घेतले, काळे, नाजूक टाचेचे. उधारीवर. पुसायचंच आहे सगळं, तर चांगलं तरी घ्यावं. दुकानदाराला कारण सांगितलं नाही. त्याला उगाच वाईट वाटलं असतं.

बँकेच्या गोड आवाजाच्या बाईचा फोन. मी म्हटलं, बाई, आता फोन करण्यात अर्थ नाही, मी दिवाळखोर होतेय. ती म्हणाली, अभिनंदन, मॅम! सवयीने म्हणाली असेल. पण बरं वाटलं. निवृत्तीनंतर कोणी अभिनंदन केलंच नव्हतं.

संध्याकाळी स्टुलावर उभी राहून साक्षीची तालीम. 'माय लॉर्ड, मी उधळी नाही. मी काळाच्या पुढे आहे.' दुसऱ्या वाक्याला हात छातीवर. स्टूल डुगडुगलं. हात आता पियानोवर ठेवीन. पण कोर्टात पियानो असेल का? वकिलाला विचारणे.

बुधवार, १३ मार्च.

निश्चय: आजपासून पैचाही खर्च नाही.

दुपारी वकिलाकडे टॅक्सीने. नवे बूट चावतात. हा खर्च धरायचा नाही, कायदेशीर कामाचा आहे. वकील नव्हता. टेबलावर चहा वाफाळत होता, तो मी प्यायले.

शुक्रवार, १५ मार्च.

वकील स्वतः घरी आला! फुलं घेऊन! धाकटीला लगेच फोन केला की अर्ज जवळजवळ झालाच. ती म्हणाली, ताई, फुलं आणतात ती पेशंटसाठी.

तो पियानोभोवती एक फेरी मारून आला. म्हणाला, मिस, हा चांगलाच... भारी असेल, नाही? मी म्हटलं, हो तर, वर चढवताना एकाची कंबर धरली होती. तो म्हणाला, तसं नाही, म्हणजे घेताना... मी म्हटलं, बिस्किट घे. त्याने घेतलं. मग उगाच एक पट्टी दाबली. मी पाहिलं. त्याने झाकण लावलं, रुमाल काढून झाकणावरचे बोटांचे ठसे पुसले आणि निघून गेला.

जिन्यावरून उतरला नसेल तोच डेंटिस्ट वर हजर. विचारतो, कोण वाजवत होतं? म्हणाला, सूर उतरलाय, ट्यूनरला बोलवा. एका पट्टीवरून! मी सांगितलं, दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूंवर शेरे मारू नयेत, हे पहिल्याच वर्गात झालंय. सॉरी म्हणाला. पण जाताना झाकण उघडून पट्ट्यांवरून हलकेच हात फिरवून गेला. दाताच्या डॉक्टरांना पांढरं काही दिसलं की राहवत नाही.

सोमवार, १८ मार्च.

धाकटी सकाळीच आली. तिचं शिवणाचं दुकान, कामाच्या दिवशी ती कधी हलत नाही. हातावर टाचण्यांची उशी तशीच बांधलेली. म्हणाली, ताई, शुक्रवारी बँकेची माणसं येणार, अर्ज गेला का? मी म्हटलं, प्रक्रियेत आहे. म्हणाली, कसली प्रक्रिया? हा वकील तुला विचारतो तरी काय? मी म्हटलं, खिडक्या.

ती खाली बसली. स्टुलावर. ते डुगडुगलं. मग म्हणाली, गुरुवारी मी येतेय तुझ्याबरोबर, आणि तू तोंड उघडायचं नाहीस.

मोठ्या बहिणीशी बोलायची ही पद्धत. तिला कॉन्व्हेंटमध्ये घालायला हवं होतं, असं मी आईला तेव्हाही सांगितलं होतं.

गुरुवार, २१ मार्च. दुपारचे तीन.

अक्षर वाकडं येतंय. रागाने. दुसरं काही नाही.

धाकटी मागच्या दाराशी थांबली, मी पुढून गेले. असा तो मध्ये सापडला. गुड मॉर्निंग, मिस. बसलो. तो म्हणाला, आज हवा जरा... तेवढ्यात धाकटीने सुरुवात केली. हवा राहू द्या साहेब, लिहून घ्या. बँकेचे इतके. हॉलवाल्याचे इतके. काट्यांचे इतके. आणि बुटांचे, हो ताई, मला कळलंय. हिची पेन्शन एवढी. पियानोला गिऱ्हाईक मी बघितलंय, ते देतंय एवढे.

आकडे! मोठ्याने! टायपिस्ट ऐकत असताना! मी छताकडे बघत राहिले.

आणि तो लिहीत होता. इतक्या आनंदाने लिहिणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. वर्गात असा लिहिता तर पहिला आला असता. बेरीज केली, पुन्हा केली, टक्कल पुसलं, आणि धाकटीकडे बघून म्हणाला (माझ्याकडे बघून त्याला बोलवेना) की मिसचं दिवाळं निघत नाही. पियानो विकला की सगळं फिटतं. जो सगळं फेडू शकतो, त्याला कोर्ट दिवाळखोर कसं म्हणेल?

धाकटी म्हणाली, मग इतके दिवस हे सांगितलं का नाही? तो म्हणाला, मला अंदाज होता, पण आकड्यांशिवाय बोलता येईना. आणि आकडे... मिसना विचारायचे?

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, पियानो हत्यार आहे, हत्यार नेता येत नाही. तो उठून उभा राहिला. अगदी हळू म्हणाला, मिस, कोर्ट म्हणेल, वाजवून दाखवा.

मी कितीतरी जणांना नापास केलं. दिवाळखोरीत नापास झालेली मीच पहिली असेन.

तो दार उघडून धरून उभा होता. मी आभार न मानता निघाले. आयुष्यात पहिल्यांदा.

शुक्रवार, २२ मार्च.

पियानो गेला. बँकेकडे नाही. गिऱ्हाईक म्हणजे डेंटिस्ट. धाकटीचं आणि त्याचं परस्पर ठरलं होतं. सकाळी पैसे बँकेत भरले, दुपारी माणसं आली. उचलून नेला. सिलिंडरसारखाच. वळणावर अडकला, तेव्हा वाटलं, राहतोय. मी चटकन म्हटलं, अडकला असेल तर आणा परत. डेंटिस्ट म्हणाला, पाय काढू. पाय काढले आणि गेला.

ट्यूनर लगेच आला. ठोक-ठोक, टिंग-टिंग. मग डेंटिस्ट वाजवायला बसला.

दोन्ही हातांनी वाजवतो.

मी खाली गेले आणि जाब विचारला, हे वर्गात का सांगितलं नाही? म्हणाला, तुम्ही पियानोजवळ फक्त उभं राहायला सांगितलं होतं. मग मी उभी राहिले. पियानोशेजारी, एक हात झाकणावर, जशी शिकवते तशी. त्याने पूर्ण वाजवलं. पियानोशेजारी उभं राहून काय बोलायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

सोमवार, २५ मार्च. संध्याकाळी पाच.

हॉलचं भाडं फिटलं. काट्यांचं बिल फिटलं. बुटांचे पैसे दिले. चावतात अजून. दिवाणखान्यात गालिच्यावर पियानोच्या पायांचे खळगे तेवढे राहिलेत. गोड आवाजाच्या बाईचा शेवटचा फोन आला, तुमचं खातं बंद झालं, मॅम. यावेळी अभिनंदन म्हणाली नाही. मीच म्हणाले.

वकिलाचं बिल मात्र आलं नाही. च्युइंगगमला फोन केला. ती म्हणाली, साहेब म्हणतात, मिसकडे कसं मागू?

फुकट काम! मला! हा अपमान मी सहन करणार नाही. पत्र लिहिलं. नक्कल इथे उतरवते.

'इतके दिवस तू मला ताटकळत ठेवलंस, याबद्दल माझी तक्रार कायम आहे. जिने उतरायचा तुझा वेग मात्र वाखाणण्यासारखा आहे. तुझ्या आठवीतल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. ते घड्याळ एकशेवीसला पडलं. हप्त्यांवर घेतलं होतं. तू विचारलंस तेव्हा तीन हप्ते थकलेले होते.

आता तू उत्तर दे. तुझी फी किती झाली ते मला लेखी कळव, आकड्यात आणि अक्षरात, शनिवार ३० मार्च, संध्याकाळी पाचच्या आत. या कामापुरती तुला पैशाचा विषय काढायची परवानगी आहे. एकरकमी जमणार नाही, हप्ते पाडून दे. उत्तर स्वतः घेऊन येणार असशील तर पुढच्या दाराने ये.'