सव्वा लाखाचा दाखला

बाबा, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून आजवर बोलले नाही. बाराव्याला सगळं गाव "देणारा माणूस गेला" म्हणून डोळे पुसत होतं, तेव्हाही मी गप्प बसले. पण गेल्या आठवड्यात माझ्या दुकानात एक म्हातारा आला आणि माझं तोंड सुटलं. तुमच्या वाटणीचं सगळं त्या बिचाऱ्याला ऐकावं लागलं. तेव्हा आता ज्याचं त्याला देते.

महाडला स्टँडच्या मागे माझं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन खुर्च्या. लोकांचे सरकारी अर्ज भरून देते, त्यातले निम्मे उत्पन्नाच्या दाखल्याचे. इथे बसल्यापासून मला कळलंय की अख्ख्या तालुक्यात श्रीमंत असा कुणी नाहीच. दारात मोठी गाडी लावून, गळ्यात बोटाएवढी चेन घालून माणूस येतो आणि काउंटरवर वाकून म्हणतो, "ताई, जरा बेतानं टाका हां." हाच माणूस गावात पूजा घालतो तेव्हा मांडव रस्त्यापर्यंत येतो. किती पैसा झाला की माणसाला श्रीमंत म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. गावातला आकडा वेगळा, काउंटरवरचा वेगळा. तुमचं मात्र सगळ्यांच्या उलटं होतं.

पोलादपूरच्या नाक्यावर, महाबळेश्वरचा रस्ता फुटतो तिथल्या हॉटेलात, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तुम्ही बसलात की चहाचे पैसे दुसऱ्या कुणी द्यायचे नाहीत. शाळेतून येताना मी बाहेरून बघायची. सात-आठ जण बशीतून फुरके मारतायत आणि "तात्यांनी दिले, तात्यांनी दिले" चाललंय. घरी येते तर आई चुलीपुढे कोरा चहा उकळतेय, कारण दूध घ्यायला पैसे नाहीत. आपली खाचरं तीन. भात शिमग्यापर्यंतही पुरायचं नाही, पण शिमग्याच्या पालखीला पहिला खांदा आपला, म्हणून आपण मोठे. आई एकदाच म्हणाली, "बडा घर पोकळ वासा." तुम्ही ताट भिरकावलंत. त्यातली नाचणीची भाकरी मी नंतर उचलली आणि पुसून खाल्ली, हे तुम्हाला माहीत नाही.

मी लहानपणी तुम्हाला विचारलं होतं, किती पैसे असले की माणूस श्रीमंत? तुम्ही म्हणालात, "पैशावर नाय गो ते. ज्याला कुनाम्होरं उभं ऱ्हायला लागत नाय, तो श्रीमंत." मला ते तेव्हा फार पटलं. शाळेत वर्षातून एकदा गुरुजी म्हणायचे, "फी माफीवाले उभे राहा," आणि अर्धा वर्ग उभा राहायचा. मी ऐटीत बसून असायची. माझी फी आईच्या कोंबड्या विकून भरलेली असायची.

बारावीला चांगले मार्क पडले आणि फार्मसीच्या कॉलेजात माझा नंबर लागला. फी आपल्या आवाक्यातली नव्हती, पण घरचं वर्षाचं उत्पन्न लाखाच्या आत असेल तर ती माफ होणार होती. तेवढा दाखला आणायचा होता. आपलं उत्पन्न लाखाच्या आत आहे हे गोठ्यातल्या बैलालाही ठाऊक होतं. तुम्ही मला घेऊन तलाठ्याकडे गेलात. बाकावर आपल्याच गावचे चौघे बसलेले. तलाठी म्हणाला, "तात्या, किती धरू? वीस हजार?" तुम्ही आधी बाकाकडे बघितलंत, मग त्याच्याकडे.

"सव्वा लाख लिवा."

"अहो, मग फी माफ व्हायची नाही पोरीची."

"माफी मागितली कुनी? माज्या पोरीची फी मी भरीन. आपण काय भिकारी हाव काय?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुम्ही ती सरकारी शिक्क्यानिशी लिहून घेतलीत. बाहेर आल्यावर त्या चौघांना चहा पाजलात.

फी भरायची तारीख आली तेव्हा तुम्ही तीन दिवस नाक्यावर गेला नाहीत. तुमच्याकडून झालं ते एवढंच. चौथ्या दिवशी सदरा चढवलात आणि जाता जाता म्हणालात, "पोरींना कशाला हवेत औषधांचे धंदे?" कॉलेजाचं पत्र आईने फडताळात कागदाखाली सरकवलं. दोन वर्षांनी लग्न होऊन मी बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत आले. नवरा कारखान्यात, शिफ्टची नोकरी. माणूस चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार तुमच्याबद्दल आहे. शेवटी तुम्हाला दवाखान्यात ठेवलं तेव्हा औषधं आणायला मीच जायची, आणि मेडिकलच्या काउंटरपलीकडे पांढरा कोट घातलेली मुलगी बघत उभी राहायची. परत आले की तुम्ही खाटेवरून विचारायचात, "भारीतली आणलीस ना गो?" तेव्हा मला तुमचा इतका संताप यायचा की पाण्याचा पेला हातात न देता मी तो खिडकीत ठेवायची.

तर तो म्हातारा. पाचाडकडचा, सोबत सतरा-अठरा वर्षांची नात. कॉलेजासाठी दाखला हवा होता. मी उत्पन्न विचारलं. त्याने दुकानातल्या माणसांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "टाक धा लाख." मी म्हटलं, आजोबा, मर्यादेच्या वर जातंय, सवलत मिळणार नाही. "नाय तर नाय. आमाला कुनाची भीक नको."

मी खुर्चीतून उठलेच. "मिशीला तूप लावून गावभर फिरायचं आणि त्यासाठी पोरीचं शिक्षण मोडायचं? घरात काय शिजतं ते सांगा आधी! कसला एवढा तोरा?" दुकानात सात-आठ माणसं होती, सगळी थांबून बघायला लागली. म्हाताऱ्याची मान खाली गेली. हळू आवाजात त्याने खरं काय ते सांगितलं, मी अर्ज भरला, त्याने सही केली. मला वाटलं, चला, एक पोरगी तरी सुटली. तोच ती पोरगी पायरीवरून परत आली. डोळे भरलेले. म्हणाली, "सगळ्यांसमोर कशाला बोललात त्यांना? मला बाजूला घेऊन विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं नसतं काय?"

तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

हे मी बाद झालेल्या अर्जांच्या पाठीवर लिहितेय, आणि ते त्याच गठ्ठ्यात ठेवून देणार आहे. तुम्ही जिवंत असतात तरी पाठवलं नसतं. कारण तुम्ही एकाच वाक्यात मला गप्प केलं असतंत.

तुम्ही सव्वा लाख म्हणालात तेव्हा तलाठ्याने पेन खाली ठेवलं होतं. त्याने मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "काय गं, एवढे होतात का घरात? तू सांगशील ते लिहितो." मला भाताची पोती ठाऊक होती, आईच्या कोंबड्या ठाऊक होत्या. पण बाकावर त्या चौघांच्या शेजारी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई बसलेली होती, आणि ती मुलगी दर वर्षी वर्गात उभी राहायची. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हो, होतात."

नवऱ्यालाही हे कधी सांगितलेलं नाही. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि त्या चौघांबरोबर मलाही हॉटेलात नेलंत, पहिल्यांदाच. दुधाचा चहा होता, बाबा. मी दोन कप प्यायले.