डॉ.च्या गाडीचे ब्रेक

१९५८, आश्विन शु. ४

डॉ.ची गाडी आज जठारपेठेत वांग्याच्या हातगाडीला टेकून थांबली. टेकून, धडकून नाही, असं डॉ.चं म्हणणं. हातगाडीवाल्याचं म्हणणं वेगळं. वांगी मी गोळा केली. उद्या कोर्टाच्या बाररूममध्ये यावरून टर उडणारच. उडू दे. अकोल्यात गाडी चालवणारी दुसरी डॉक्टरीण दाखवा म्हणावं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी ती स्टिअरिंगवर बसली की मी वळून वळून बघतो, आणि ती म्हणते, "रस्त्याकडे बघा."

संध्याकाळी जुन्या शहरात गफूर मिस्त्रीकडे. चाकं उघडली. आत ते लोखंडी भांड्यासारखे ड्रम असतात, त्यांना आतून पट्टे दाबले की चाक थांबतं. मिस्त्री माझ्यावरच ओरडला, "वकीलसाब, पुढचे दोन्ही ड्रम खतम! एकाले तर तडा आहे. बाईसाहेब मोर्णेच्या पुलावर गेल्या असत्या त सीधे पानी में!" जसा काही तडा मीच पाडला.

शु. ५

धाकट्या बहिणीची, कमलची चिंता. नववा लागला. पहिली दोन्ही मुलं इथे माहेरी झाली आणि दोन्ही गेली. डॉ. तेव्हा नागपूरला शिकत होती. आता कमलची सासू म्हणते, माहेर धार्जिणं नाही, तिसरं सासरी तेल्हाऱ्यातच होईल. आई रडली. मी दोन कडक पत्रं मनातल्या मनात लिहिली. डॉ. शांतपणे म्हणाली, "त्या पाठवत नसतील तर मी जाईन. त्यात काय?"

पण एस.टी.चा भरवसा नाही, आणि अशा वेळी डॉ.चं सगळं सामान... म्हणजे गाडीच हवी. आणि नुसती चालणारी नको, थांबणारी हवी.

शु. ७, अमरावती

असले ड्रम बाजारात नाहीत. मिस्त्रीनं पत्ता लावला, इथल्या एका कापसाच्या जिनाच्या आवारात अश्शीच गाडी सडून राहिली आहे. मालक म्हातारा, गाडी म्हणजे जीव की प्राण, हात लावू देईना. मी वकिली भाषेत बोललो, तो आणखी ताठला. मग डॉ.नं कमलची हकीकत सांगितली, सरळ, एक शब्द न फुगवता. म्हातारा उठला. "घ्या बाई. उभीच होती बिचारी. कोणाच्या कामी येऊ द्या."

डॉ.नं पदर खोचला आणि नट सोडवायला बसली. मी पाना धरला, तोही उलटा. जिनातले मजूर काम सोडून बघत होते. एक म्हणाला, "हे मायबाई! डाक्टरीन का मिस्त्रीन?" डॉ.चे हात कोपरापर्यंत काळे. तिनं ड्रमच्या आत बोट फिरवलं, चर नाही, तडा नाही, आणि माझ्याकडे बघून हसली. काय सांगू. परतीच्या आगगाडीत एकेक ड्रम मांडीवर घेऊन बसलो होतो.

शु. ८

मिस्त्रीनं जुन्या पट्ट्यांच्या जागी नवे पट्टे ठोकून दिले. उद्या तो साळ्याच्या लग्नाला बडनेऱ्याला. "सामान घरीच ठेवा, दसऱ्याले सकाळी बसवतो." आणलं.

शु. ९, खंडेनवमी

आईनं पाटावर विळी, अडकित्ता, कुदळ, डॉ.च्या कात्र्या, माझी टाचण्यांची पेटीसुद्धा मांडली. मध्ये ड्रम आणि पट्टे, झेंडू वाहिलेले. "थे बी हत्यारच आहे न बापू." डॉ.नं हात जोडले. आईनं सगळं असं लखलखीत करून ठेवलं की बस्स.

दसरा

फजिती! फजिती!

मिस्त्रीनं सकाळी ड्रम बसवले, मिशीला पीळ देऊन गेला. संध्याकाळी आम्ही सोनं द्यायला निघालो, आई मागे नव्या लुगड्यात. उतारावर डॉ.नं ब्रेक दाबला. गाडी आपली चाललीच आहे. पुन्हा दाबला. छे! हँडब्रेक ओढून डॉ.नं गाडी रस्त्याकडेच्या आपट्याच्या ढिगात घातली. सगळं सोनं आमच्या अंगावर. पानं विकणारी बाई इतक्या शिव्या देत होती की मला दोन नव्या कळल्या.

मिस्त्रीला आणला. चाक उघडलं. पट्टे तेलानं चिंब. मिस्त्री सगळ्या पिरांची शपथ घेऊन राहिला की त्यानं थेंब लावला नाही. तेवढ्यात मागून आईचा बारीक आवाज: "लोखंडाले तेल नाई लावाव त काय पानी लावाव? गंज चढते न. पट्ट्याइवर दोन पळ्या वतल्या फक्त. सकाळी पाह्यलं त कोरडे."

कोरडे कसले, पिऊन बसले होते! मी ओरडणार होतो. कमलचे दिवस भरत आलेले, आणि इथे ब्रेकला अभ्यंग! पण डॉ. फुटबोर्डवर बसली आणि हसायलाच लागली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग आईचा हात धरून म्हणाली, "आई, चूक माझी. मी सांगायला हवं होतं." मला हे या जन्मी जमणार नाही.

शु. ११

नवे पट्टे नागपूरहून येणार, कधी ते सांगता येत नाही. मिस्त्री म्हणे पेट्रोलनं धुतले की झालं. डॉ. म्हणे तेल खोल गेलंय, धुऊन मग भाजून काढू. दोघांची जुंपली. "बाईसाहेब, मी वीस वर्षं झक मारून राहिलो का?" "मी कुठे म्हटलं? पण हे धुवून बघा अन् मग निखाऱ्यावर धरून बघा, धूर निघतो का." निघाला. भसाभसा. मिस्त्री एकदम खूश, जसं त्यालाच सुचलं.

अंगणात शेगडी. आई स्वतः चिमटा घेऊन बसली, भरताची वांगी फिरवावी तसे पट्टे फिरवत. कोणाला हात लावू देईना. धूर बंद होईपर्यंत उठली नाही. मग मिस्त्रीनं कानशीनं घासून बसवले. उतारावर तीनदा बघितलं. गाडी थांबते. मिस्त्रीचा निकाल: "थांबते. पण माह्या नावानं नाई, बाईसाहेबाच्या नावानं."

शु. १२, तेल्हारा, दुपार

सकाळी कमलचा दीर एस.टी.नं आला, स्वतःच्या आईला न सांगता. कालपासून कळा, सुईण हात टेकून बसली. डॉ.नं चहा अर्धा टाकला. अकोटच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांमधून एक गोऱ्हा सुटून समोर. गाडी थांबली. मी डोळे मिटले होते, कबूल. डॉ.नं फक्त गिअर बदलला.

इथे कमलच्या सासूबाई दारात आडव्या. "कोन बलावलं?" डॉ. म्हणाली, "मामी, हात धुवायला गरम पाणी." त्या बघत राहिल्या आणि बाजूला झाल्या.

आत्ता बाहेर आली. पोर आडवं आहे. इथे होणार नाही, अकोल्याला न्यावं लागेल, लगेच.

सासूबाई: "अकोल्यानंच दोन खाल्ले माहे."

डॉ.: "हो, मामी. हे वाचेलच असं मी म्हणत नाही. इथे ठेवलं तर दोघंही राहणार नाहीत, एवढं नक्की सांगते."

मग सासूबाई आत गेल्या, गादी ओढत आणली, गाडीत मागे टाकली आणि स्वतः चढून बसल्या. "तिचं डोकसं माह्या मांडीवर द्या."

दीर इंजिनात पाणी घालतो आहे, तोवर हे गुडघ्यावर लिहितो. कमलला आणून निजवली. ओठ पांढरे. मी वाकलो तर म्हणते, "दादा, वहिनीले सांग, हळू नको चालवू."

सांगितलं. डॉ.नं मान हलवली. निघतो.