खुर्चीतल्या बाईला कापू नये

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा चित्रपट काढण्याचा आणि तोही पदरमोड करून, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मर्जीनं, डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. तो चित्रपटांच्या वितरकाला आधी दाखवावा, त्याला पहिल्यापासून शंका आहे.

१. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि संकलनाची मागची खोली, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला मिळावं. माझे सगळे चित्रपट तिनंच कापले आणि जोडले. स्वयंपाकघराची खिडकी ढकलून लावू नये, उचलून लावावी, नाहीतर हातात येते.

२. कॅमेरा, भिंगं आणि तिपाई मामांना. मामा आमचे छायाचित्रकार. रक्ताच्या नात्यानं कोणाचेच मामा नाहीत, सेटवर मात्र सगळ्यांचे. ते या कागदाचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणे, म्हणून सामान आज सकाळीच त्यांच्या हातात दिलं. इथे फक्त नोंद.

३. बँकेत जे उरलं असेल ते माझ्या नटांना सारखं वाटावं: चाकाच्या खुर्चीवरची शिक्षिका, खुणांनी बोलणारे बहीण-भाऊ, अंगावर कोड असलेली गायिका आणि बाकीचे. यांना बघून वितरक म्हणाला होता, "बाई, असली तोंडं बघायला लोक तिकीट काढतील होय? घरी आरसे आहेत की त्यांच्याकडे!" आरसेच होते, पडदा नव्हता, हेच तर मी घसा कोरडा करून सांगत होते. वितरकाला माझ्याकडून काही नाही. त्याच्या लाडक्या नटानं काळा चष्मा लावून आंधळ्याचं काम केलं आणि वर बक्षीस घेतलं. त्या नटाला माझा चष्मा द्यावा. नंबर मोठा आहे, खरंच काही दिसणार नाही.

४. आता शेवटचा चित्रपट. माझी रीत सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्येक दृश्यात एक खुर्ची रिकामी ठेवायची. अजून कोणाच्याच गोष्टीत न आलेल्या माणसाची ती जागा. आणि चौकटीत येणाऱ्या प्रत्येकाला, गर्दीतल्यालासुद्धा, कॅमेरा चालू ठेवून विचारायचं, "दिसायचंय ना?" हो म्हटलं, की त्याला कोणी कापायचं नाही.

या चित्रपटात एक लहानसं काम मी स्वतः केलं आहे. संकलन सुरू झालं आणि भाची बाहेर येऊन म्हणाली, "मावशी, खुर्चीत कोणाला बसवलंस?"

"कोणालाच नाही."

"मग ही कोण?"

आत जाऊन बघितलं, तर पडद्यावर रिकाम्या खुर्चीत करडा स्वेटर घातलेली एक पाठमोरी बाई होती. मामांनी आपल्या डोळ्यांची शपथ घेतली, चित्रीकरणात खुर्ची रिकामी होती. पुढच्या दृश्यात तिचा खांदा वळलेला. त्यापुढच्यात कान, मग गाल. ती जितकी वळत होती तितकी मी फिकी होत होते. एका दृश्यात माझ्या पोटातून मागचं दार दिसतं.

भाची म्हणाली, "मी तिला पुसून टाकते गं. दुपारभराचं काम. तू परत दिसशील."

मी म्हटलं, "जन्मभर लोकांशी भांडले, चौकटीत आलेल्याला हाकलू नका म्हणून. आता माझ्यावर आलं तर हाकलू?"

ती रडली. मलाही भीती वाटते, फार वाटते. परवा न्हाणीघरातल्या आरशात मला माझ्या मागे टांगलेला टॉवेल आधी दिसला.

सोमवारी मी कॅमेरा लावला, त्या रिकाम्या खुर्चीसमोर दुसरी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "दिसायचंय ना?" थोड्या वेळानं कॅमेरा बंद केला. मग चित्रण बघितलं. ती पूर्ण वळली होती. साधा, दमलेला चेहरा, मी आजवर न पाहिलेला. "हो," ती म्हणाली, "कधीची थांबलेय." प्रश्न माझ्याच आवाजात ऐकू येत होता, पण माझ्या खुर्चीत कोणी नव्हतं.

५. म्हणून माझी शेवटची इच्छा अशी, की चित्रपट आहे तसा दाखवावा. मला परत आणायला म्हणून तिला कापू नये. पोरी, तू चिडशील. चीड, दोन दिवस जेवू नकोस, पण कात्री लावू नकोस.

६. साक्षीदारांनी नेहमीचा मजकूर लिहू नये. सही करताना मी त्यांना दिसत होते, एवढंच आपल्या अक्षरात लिहावं. मला ते वाचायचं आहे.

स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिल्या, डॉक्टरीणबाई: सही माझ्यासमोर झाली. बाई मला दिसत होत्या. खिडकीकडे पाठ करून बसल्यामुळे जरा अंधुक. (सही)

साक्षीदार दुसरे, मामा: मी समोरच होतो. पेन उचललं गेलं, सही झाली. आवाज बाईंचाच, हजारात ओळखीन. पुढचं वाक्य लिहा म्हणून बाई आत्ता तीनदा सांगतायत. बाई, तुमच्याशी मी कधी खोटं बोललो नाही. (सही)