राजारामकाकांचे कान

९ जुलै, बुधवार

सांगितलं एकदाचं! गोडाऊनचे निहारसाहेब किती दिवस डोकं खात होते — फोर्कलिफ्टवरच्या राजाराम परबांना ऐकू येत नाही, हाक मारली तरी वळून बघत नाहीत, उद्या कुणाच्या अंगावर गाडी घालतील. तुम्ही एचआर आहात ना, मग पाठवा तपासणीला!

मी गेले काकांकडे. आणि काय बोलले? काका, सगळ्यांचीच तपासणी आहे हो, तुमचा नंबर फक्त पहिला. धडधडीत खोटं! तेही त्यांच्या कानाशी जाऊन, ओरडून. लोडिंगची पोरं फिदीफिदी हसली. काकांनी नुसती मान हलवली.

१० जुलै

माझं खोटं एक दिवसही टिकलं नाही. लोडिंगच्या विकीने त्यांना सांगून टाकलं, बाकी कुणालाच बोलावलेलं नाही. काका केबिनच्या दारात येऊन उभे. आत या म्हटलं तरी येईनात.

"माका गाडीवरसून उतरवतलास मां?"

नाही म्हणायचं ना सरळ! मी म्हटलं, रिपोर्ट आल्यावर बघू. संध्याकाळी निहारसाहेबांनी गाडीची चावी काढून घेतली. मी तिथेच होते.

१२ जुलै, शनिवार

गेटजवळ स्टुलावर बसवलंय त्यांना. खोक्यांवर स्टिकर चिकटवायचे. अख्ख्या अंधेरीत रॅकांमधल्या एवढ्या अरुंद गल्लीतून गाडी काढणारा दुसरा माणूस नसेल, आणि त्याला हे काम! जाता-येता मी मोबाइलमध्ये तोंड घालते. लाज वाटते स्वतःची.

१५ जुलै

काका चेंबूरच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. एकटेच. सोबत कुणाला तरी द्यायला हवं होतं, हे मला आत्ता सुचतंय.

आईला सगळं सांगितलं. म्हणाली, पहिल्याच दिवशी खरं बोलली असतीस तर तो माणूस एवढा दुखावला नसता. माहितीय गं! कळतं पण वळत नाही, त्यातली मी.

१६ जुलै

डॉक्टरबाईंचा फोन. कान ठणठणीत! त्या वयात इतकं चांगलं फार कमी जणांना ऐकू येतं म्हणे. मग त्यांनी मलाच विचारलं — हाकेला ओ का देत नाहीत, हे तुमच्यापैकी कुणी त्यांना विचारलंत का?

नाही विचारलं. कुणीच नाही.

चावी मी स्वतः नेऊन दिली. माफी मागितली. हळू आवाजात. आणि मग विचारलं. काकांनी चावी खिशात ठेवली.

"माजी बायल गेली मे म्हयन्यात. मगे कोणाशी बोलूक मनच होणा नाय."

१७ जुलै

मे महिन्यात काका गावाहून आले ते मिशी उतरवून. आपल्याकडे मिशी कधी उतरवतात, मला माहीत नव्हतं का? सगळ्यांसमोर मीच म्हटलं होतं — काका, एकदम तरणे दिसताय, मुंडावळ्या बांधायच्या का?